वाचक विचारतात : थोमा खरंच आपल्या देशात आला होता का?

मागच्या अंकात जुलैच्या दिनविशेषात "३ जुलै, संत थोमाचा सण" एवढी एकच ओळ छापली होती, ती पण रकान्यात जागा उरली म्हणून. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आणि मेसेज आले तेवढे हळदीच्या सौद्यांवर दोन पानं खरडली तेव्हा पण आले नव्हते. कुणी प्रेमानं विचारलंय, कुणी व्हॉट्सॲपचा फॉरवर्ड चिकटवून "यावर बोला, आता गप्प का?" असा दम भरलाय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत, गावं ठेवलीत. ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की थोमा म्हणजे येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, इंग्रजीत थॉमस म्हणतात तो, आणि केरळातले लाखो ख्रिश्चन स्वतःला त्याचे वारस मानतात.

मिरजेहून एक ताई : मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. आमच्यात केरळची एक सिस्टर आहे, स्वभावानं चांगली आहे पण परवा डबा खाताना बोलून गेली की आम्ही इसवी सन ५२ पासूनचे ख्रिश्चन, तुम्ही लोक गोरे साहेब आल्यावर झालात. माझे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकलेले. मला लागलं ते. ५२ हा आकडा खरा आहे का? मला तिला उत्तर द्यायचंय.

ताई, उत्तर जरूर द्या पण डब्यातली देवाणघेवाण बंद करू नका, त्यांच्याकडची माशाची आमटी सोडण्यासारखी नसते.

५२ चं असं आहे. केरळात पिढ्यानपिढ्या सांगत आलेत की थोमा त्या साली मुझिरिस बंदरात, म्हणजे आत्ताच्या कोडुंगल्लूरच्या आसपास, जहाजातून उतरला, किनाऱ्यानं फिरला, साडेसात चर्च उभी केली (हो, साडेसातच, ते अर्धं आत्ताच्या तमिळनाडूतल्या तिरुविदांकोडचं) आणि पुढं ७२ साली चेन्नईच्या मैलापूरला मारला गेला. ही झाली परंपरा. त्या काळचा शिलालेख किंवा ताम्रपट किंवा पत्र, ज्यावर ५२ लिहिलंय, असं काही नाही. ही सगळी कहाणी गावांच्या नावासकट कागदावर दिसते ती पोर्तुगीज आल्यानंतरची, त्याआधी ती गाण्यांत आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी होती. तेव्हा ५२ ची पावती मागितलीत तर सिस्टरकडे ती नाही.

पण लगेच जिंकलो म्हणू नका, कारण तिचं बाकीचं म्हणणं एकदम पक्कं आहे. कोस्मास नावाचा एक अलेक्झांड्रियाचा व्यापारी ६व्या शतकात लिहून गेलाय की मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती लोक आहेत. कोल्लमच्या चर्चला ८४९ साली तिथल्या अधिपतीनं जमीन आणि व्यापाराचे हक्क दिले त्याचे ताम्रपट आजही आहेत, आणि त्यावर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी (जुनी इराणी) आणि हिब्रू अशा लिप्यांमध्ये आहेत, म्हणजे बंदरावर किती देशांची माणसं बसलेली असतील बघा. वास्को द गामा १४९८ ला आला तेव्हा हे लोक तिथं होतेच, सिरियाक भाषेत उपासना करत होते, त्यांचे बिशप इराण-इराककडून यायचे. गोऱ्या साहेबांनी त्यांना धर्म दिला नाहीच, उलट पोर्तुगीजांनी १५९९ च्या उदयंपेरूरच्या सभेत त्यांच्यावर रोमची पद्धत लादायला घेतली, त्यांची जुनी पुस्तकं जाळली, आणि शेवटी १६५३ ला मट्टनचेरीत हजारो लोकांनी क्रॉससमोर शपथ घेतली की यापुढं या जेझुइट पाद्र्यांचं ऐकणार नाही. क्रॉसला दोर बांधून तो दोर हातात धरून शपथ घेतली म्हणतात, कारण एवढ्या माणसांचा हात क्रॉसला पोचणार कसा.

आता तुमच्या पणजोबांचं. आपल्या भागातली गोष्ट अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची, कोल्हापूरपासून सुरू झालेली, आणि मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला उभ्या केलेल्या हॉस्पिटलमुळं सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला माहीत असलेली. तिच्यात थोमाचा काही संबंध नाही आणि ओढूनताणून जोडायची गरज पण नाही. सिस्टरला उत्तर द्यायचंच असेल तर हे द्या : तिच्या आजीनं आयुष्यभर मास, म्हणजे चर्चमधली उपासना, ऐकला तो सिरियाकमध्ये, मल्याळममध्ये तो आला १९६२ च्या सुमाराला. आणि नव्या कराराचं मराठी भाषांतर बंगालमधल्या श्रीरामपूरहून विल्यम केरी या मिशनऱ्यानं छापलं १८११ ला, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या हातात पहिल्या दिवसापासून मराठी पुस्तक. ती पण हसेल बघा.

तासगावहून संडे स्कूल घेणारे एक सर : आम्ही मुलांना "अविश्वासू थोमा" असंच शिकवत आलोय. परवा सातवीतली एक पोरगी म्हणाली, सर त्यानं फक्त विचारलं ना, मग तो वाईट कसा? मला काही सुचलं नाही.

पोरीला पैकीच्या पैकी मार्क द्या आणि मग योहानाच्या शुभवर्तमानाचं, म्हणजे त्यानं सांगितलेल्या येशूच्या कथेचं, २० वं प्रकरण उघडा, घाई न करता वाचा.

येशू पुन्हा उठल्याच्या दिवशी संध्याकाळी शिष्य दारं लावून घाबरून बसलेत, तो त्यांच्यात येऊन उभा राहतो आणि आपले हात आणि कूस दाखवतो. दाखवल्यावर ते आनंदतात. थोमा त्या वेळी तिथं नव्हता. कुठं गेला होता ते लिहिलेलं नाही (मला नेहमी वाटतं बाकीचे कडी लावून बसल्यावर बाजारातून काहीतरी आणायला कुणीतरी जायलाच हवं होतं, पण हा माझा अंदाज, वर्गात सांगू नका). तो परत आल्यावर दहा जण त्याला सांगतात आम्ही प्रभूला बघितलं. तो म्हणतो, खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय, त्यात बोट घातल्याशिवाय आणि कुशीत हात घातल्याशिवाय मी नाही मानणार. आता बघा, बाकीच्या दहांना जखमा न मागता दाखवल्या होत्या. ह्यानं मागितलं ते तेवढंच, थोडं जास्त रोखठोक शब्दांत. आणि त्या दहांनी तरी कुठं लगेच मानलं होतं, त्याच दिवशी सकाळी बायका कबरीवरून येऊन सांगत होत्या तर दुसरं शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की त्यांना ती वायफळ बडबड वाटली. बायकांचं ऐकलं नाही त्यांना कुणी अविश्वासू पेत्र म्हणत नाही.

आठ दिवसांनी येशू परत येतो, थोमा हजर असतो, येशू म्हणतो घाल बोट, घाल हात. आणि इथं मुलांना एक प्रश्न विचारा, की थोमानं बोट घातलं का? वर्गातली निम्मी पोरं हो म्हणतील. पण तसं लिहिलेलंच नाही! थोमा लगेच म्हणतो, "माझा प्रभू आणि माझा देव." एवढंच. बोट जखमेत घातलेलं जे आपल्या डोळ्यांसमोर येतं ते चित्रांमुळं, त्यातलं सगळ्यात गाजलेलं कॅराव्हॅजिओ नावाच्या इटालियन चित्रकाराचं, १६०२ च्या आसपासचं, त्यात येशू स्वतः थोमाचं मनगट धरून बोट आत घालायला लावतोय आणि थोमाच्या कपाळावर शेतकऱ्यासारख्या आठ्या, अंगरख्याची शिवण खांद्यावर उसवलेली. चित्र जबरदस्त आहे पण शुभवर्तमानात ते नाही.

शिवाय थोमा योहानात आधी पण दोनदा बोलतो ते आपण विसरतो. येशूचा मित्र लाजर मेल्याचं कळल्यावर येशू यरुशलेमाजवळच्या बेथानीला परत निघतो, तिकडच्या लोकांनी थोड्याच दिवसांपूर्वी दगड उचललेले, बाकीचे शिष्य म्हणतायत कशाला जायचं, आणि हा म्हणतो चला, आपण पण त्याच्याबरोबर मरू. दुसऱ्यांदा शेवटच्या जेवणाच्या वेळी येशू सांगतोय की मी कुठं जातोय ती वाट तुम्हाला माहीत आहे, सगळे माना डोलावत असणार, आणि हा एकटा म्हणतो, प्रभू, तुम्ही कुठं जाताय तेच आम्हाला माहीत नाही तर वाट कशी माहीत असेल. त्या प्रश्नावरच "मार्ग, सत्य आणि जीवन मीच" हे उत्तर आलंय, जे प्रत्येक चर्चच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. हा विचारायचा राहिला असता तर भिंत कोरीच राहिली असती ना सर.

कराडहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक जण : आमच्या नोट्समध्ये "गोंडोफर्नीसच्या दरबारी सेंट थॉमस आला" असं एका ओळीत आहे. क्लासचे सर म्हणतात नाण्यांनी सिद्ध झालंय. खरंच सिद्ध झालंय का?

सरांनी दोन पायऱ्या एकदम चढल्यात. आधी गोष्ट ऐक मित्रा, कारण नोट्समध्ये गोष्टीची सगळी मजा मारून टाकलीय.

३ऱ्या शतकाच्या सुरुवातीला, एडेसा म्हणजे आत्ताच्या तुर्कस्तानातल्या उर्फाच्या भागात, सिरियाक भाषेत थोमाची कृत्यं सांगणारा एक ग्रंथ तयार झाला. त्यात शिष्य चिठ्ठ्या टाकून देश वाटून घेतात, थोमाला हिंदुस्थान येतो, तो म्हणतो मी जाणार नाही, मी पडलो हिब्रू, तिथल्या लोकांना काय शिकवणार, दुसरीकडं कुठंही पाठवा. मग येशू स्वतः त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकून टाकतो! हब्बानला राजा गुंदफरसाठी (तुझ्या नोट्समधला गोंडोफर्नीस तो हाच) सुतारकाम-गवंडीकाम येणारा कारागीर हवा असतो. राजा राजवाडा बांधायला पैसे देतो, थोमा ते सगळे गरिबांत वाटून टाकतो, राजानं निरोप पाठवला की सांगतो भिंती झाल्या, आता छप्पर राहिलंय, आणखी पैसे पाठवा. राजा बघायला येतो तर तिथं मोकळं माळरान. कुठाय राजवाडा? तर म्हणे स्वर्गात बांधलाय, मेल्यावर दिसेल. राजा त्याला तुरुंगात टाकतो, त्याच रात्री राजाचा भाऊ मरतो, स्वर्गात तो राजवाडा बघतो, मला यातली एक खोली तरी द्या म्हणतो, आणि परत येऊन राजाला म्हणतो तो राजवाडा मला वीक. आपल्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारं दुष्काळात लोकांना लुटवली आणि विठोबा महाराच्या रूपात पैसे भरून पावती घेऊन आला ती गोष्ट लहानपणी ऐकलेल्याला हे वाचताना ओळखीचं वाटल्याशिवाय राहत नाही.

आता नाणी. कितीतरी शतकं युरोपातल्या विद्वानांना हा राजा त्या ग्रंथापलीकडं माहीतच नव्हता. मग १८३० च्या दशकापासून अफगाणिस्तान-पंजाबात नाणी सापडायला लागली, एका बाजूला घोड्यावर बसलेला राजा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी, आणि दोन्हीकडं नाव तेच. पुढं पेशावरजवळ तख्त-इ-बाहीला खरोष्ठी शिलालेख मिळाला, त्यात महाराज गुदुव्हराचं २६ वं राज्यवर्ष आणि संवत १०३ असं दोन्ही दिलंय. नेहमीच्या हिशेबानं ते इसवी सन ४६ येतं. म्हणजे राजा खरा, आणि काळ पण थोमाच्या हयातीचाच. ही पहिली पायरी, ती पक्की.

दुसरी पायरी अशी, की राजा खरा म्हणून गोष्ट खरी. इथं जपून. एडेसा व्यापाराच्या रस्त्यावरचं गाव, पार्थियन म्हणजे इराणी वंशाच्या राजाचं नाव तिथं शे-दीडशे वर्षं लोकांच्या लक्षात राहणं काही अवघड नाही. नाणी राजाची साक्ष देतात, थोमाची देत नाहीत. परीक्षेत "आला होता" असं विधान आलं तर "परंपरेनुसार" हा शब्द शोध, मगच टिक कर.

विट्याचे एक गलाईवाले, सध्या मुक्काम त्रिशूर : आमी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यामुळं लई वर्षं हिकडंच हाय. हितनं जवळ पालयूरला चर्च हाय, उपासाच्या दिवसांत लोकं त्रिशूरवरनं चालत जात्यात, आपल्या वारीगत. तितं सांगत्यात थोमानं नंबुद्री बामनांना बाप्तिस्मा दिला, पानी वर उडवलं ते हवेतच थांबलं. आमच्या भाड्याच्या दुकानाचा मालक पन म्हनतो आमचं मूळ नंबुद्री. ह्ये कितपत खरं?

पाहुणं, तुम्ही तिथं राहून डोळ्यानं बघताय, आम्ही इथं बसून पुस्तकातलं सांगतोय, तरी सांगतो.

पालयूर हे त्या साडेसातांतलंच एक, आणि पाण्याची गोष्ट तिथली फार लाडकी. अडचण एवढीच की नंबुद्री ब्राह्मणांच्या वस्त्या केरळात नीट बसल्या त्या इतिहासकार साधारण ७व्या-८व्या शतकाच्या आसपास धरतात. थोमा ५२ ला आला असं मानलं तरी तेव्हा पालयूरला नंबुद्री असणं जुळत नाही. मग हे आलं कुठनं? मला वाटतं, यात भक्तीपेक्षा सोयरीक जास्त आहे. केरळात हे लोक मिरीचे व्यापारी, जमीनदार, राजाकडून मान मिळालेले, आजूबाजूच्या जातीच्या उतरंडीत आपली जागा वरची हे सांगायला वरचं मूळ सांगावं लागतं, ते देशात कोण सांगत नाही? आपल्याकडं मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेली पुष्कळ घरं महार-मांग वस्तीतली, त्यांनी शाळा आणि माणुसकी बघून धर्म घेतला, त्यांना मूळ लपवायचं किंवा चढवायचं काही कारण नव्हतं. एकाच धर्माचे दोन प्रांतातले दोन इतिहास असे उलट्या टोकाचे आहेत.

मालकाशी यावरनं वाद घालू नका. भाड्याचं दुकान आहे म्हणताय.

सांगलीहून फॉरवर्ड पाठवणारे काका : थॉमसला मैलापूरला ब्राह्मणानं मारलं हा खोटा प्रचार आहे, आणि तिथलं चर्च कपालीश्वराचं मंदिर पाडून बांधलंय. हिंमत असेल तर छापा.

छापलं काका. आता बोलू.

थोमाच्या मरणाच्या गोष्टी काळानुसार बदलत गेल्यात, आणि जुनी कुठली नवी कुठली हे बघितलं की बराच धुरळा बसतो. सगळ्यात जुनी तो वर सांगितलेला सिरियाक ग्रंथ. त्यात मारणारा राजा मज्दाई, कारण काय तर थोमाचं ऐकून राणी आणि दरबारातल्या बड्या घरच्या बायका नवऱ्यांपासून लांब राहायला लागल्या. राजाच्या हुकमावरनं चार शिपाई त्याला डोंगरावर नेऊन भाल्यांनी मारतात. ब्राह्मण नाही, मैलापूर हे नाव पण नाही, आणि नावं बरीचशी इराणी वळणाची. त्यानंतर १३व्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो, तो त्या किनाऱ्याची गोष्ट सांगतो ती एकदमच वेगळी : थोमा रानात मोरांच्या मधे बसून प्रार्थना करत होता, एक शिकारी मोरावर बाण सोडतो, तो चुकून थोमाच्या कुशीत लागतो. खूनच नाही, अपघात! आणि पोलो सांगतो की त्या जागेला ख्रिश्चन आणि मुसलमान दोघंही मानतात, तिथली माती आजाऱ्याला पाण्यातून देतात. ब्राह्मणानं मारल्याची गोष्ट ठळक होते ती १६व्या शतकात, पोर्तुगीज मैलापूरला ठाण मांडून बसल्यावर. तेव्हा ती सगळ्यात उशिराची आहे हे तुमचं म्हणणं मान्य.

देवळाचं पण सांगतो. कपालीश्वराचं जुनं देऊळ समुद्राकाठी होतं आणि पोर्तुगीज काळात ते गेलं, आत्ताचं देऊळ किनाऱ्यापासून आत आणि नंतर बांधलेलं, हे मैलापूरात कुणी नाकारत नाही. सँथोम चर्चच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्याच मैलापूरच्या चर्चच्या, आवारात देवळाच्या शिलालेखांचे तुकडे मिळालेत. पोर्तुगीजांनी गोव्यात देवळं पाडली त्याचे तर त्यांचेच कागद आहेत. पण काका, फॉरवर्डमध्ये पुढची ओळ अशी होती की "म्हणून केरळचे ख्रिश्चन बाहेरचे". ते कसं काय? ज्या पोर्तुगीजांनी देऊळ घालवलं त्यांनीच या लोकांची पुस्तकं जाळली होती, वर मिरजेच्या ताईंच्या उत्तरात बघा. पोर्तुगीजांचं बिल थोमाच्या नावावर कशाला फाडायचं.

वाईहून : ख्रिस्तपुराण लिहिणारे थॉमस हेच का?

नाही हो, ते फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडचे जेझुइट, गोव्यात राहून त्यांनी मराठी ओव्यांत येशूची कथा लिहिली, ती १६१६ ला छापली गेली. दोघांत दीड हजार वर्षांचं अंतर. वाईकरांनी हे विचारावं म्हणजे कमालच.

साताऱ्याहून एक ताई : रीलमध्ये बघितलं की थॉमसनं लिहिलेलं शुभवर्तमान चर्चनं लपवून ठेवलं आणि त्यात येशू भारतात आल्याचं आहे.

लपवलेलं असतं तर ऑनलाइन फुकट वाचायला मिळालं नसतं. इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ १९४५ ला शेतकऱ्यांना मातीच्या रांजणात जुनी चामडी बांधणीची हस्तलिखितं मिळाली, त्यात कॉप्टिक भाषेतलं हे एक होतं. त्यात गोष्ट नाही, जन्म नाही, क्रूसावरचं मरण नाही, नुसती येशूच्या तोंडी घातलेली ११४ वचनं. बरीचशी मत्तय-लूकमध्ये आहेत तशीच, काही कोड्यासारखी. बहुतेक अभ्यासक ते २ऱ्या शतकातलं धरतात, थोमाचं नाव वरून दिलेलं. भारताचा भ पण नाही त्यात. वाचा मात्र जरूर, तासाभरात होतं.

इस्लामपूरहून : तो केरळला गेला, चेन्नईला गेला, तक्षशिलेला गेला, मग आपल्या महाराष्ट्रात नाही का आला? एवढा मोठा किनारा आहे आपला.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण आपण थोमा म्हटलं की नकाशाच्या दोन टोकांकडं बघतो आणि मधला सगळा कोकण सोडून देतो.

थोमा महाराष्ट्रात आला अशी परंपरा नाही. पण त्याचा सोबती बर्थलमय याच्याबद्दल ४थ्या शतकातला चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो, की पँटिनस नावाचा अलेक्झांड्रियाचा शिक्षक २ऱ्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात गेला तर तिथं त्याच्या आधीच बर्थलमयानं ठेवून दिलेलं मत्तयाचं शुभवर्तमान लोकांकडं होतं. हा हिंदुस्थान नेमका कुठला यावर भांडणं आहेत, काही जण कोकणाकडं बोट दाखवतात. त्याहून पक्कं म्हणजे तो कोस्मास, मलबारबरोबरच तो सांगतो की कल्लियाना इथं इराणहून नेमून आलेला बिशप आहे, आणि बरेच अभ्यासक ते आपलं कल्याणच धरतात. म्हणजे ६व्या शतकात कल्याणला बिशप! लोकलमध्ये लटकणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल. पुढं १३२१ ला ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा पण तिथं इराणी पंथाची ख्रिस्ती घरं होती, ते साधू त्यांच्याकडंच उतरले होते.

आणि थोमा आला असेल-नसेल, येण्याचा रस्ता मात्र होता आणि तो पावसाळ्याच्या वाऱ्यानं चालायचा. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून जुलैच्या सुमाराला जहाजं सुटायची, नैऋत्येचा वारा पाठीला घेऊन समुद्र कापायची, प्लिनी हा त्या काळचा रोमन लेखक सांगतो की तांबड्या समुद्राच्या तोंडापासून मुझिरिस ४० दिवसांत. त्याच काळातलं ग्रीक खलाशांचं एक मार्गदर्शक कल्याण, सोपारा, चौल आणि आतलं पैठण, तेर ही सगळी नावं घेतं. केरळात पट्टणमला २००७ पासून खोदकामं झाली तर रोमन दारूच्या रांजणांचे तुकडे ढिगानं निघालेत. लांब कशाला, आपल्या शेजारी कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्याची छोटी मूर्ती मिळाली, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये आहे. पंचगंगेच्या काठापर्यंत भूमध्य समुद्राकडचा देव येऊ शकतो तर माणूस मलबारला पोचणं अशक्य मुळीच नव्हतं. माझं मत विचाराल तर थोमा स्वतः आला हे सिद्ध होत नाही, पण त्या जहाजांवरनं त्याचं नाव घेणारी माणसं फार लवकर आली असणार, नाहीतर एवढ्या लांबच्या किनाऱ्यावर हेच एक नाव एवढं घट्ट रुजलं नसतं.

सांगलीहून निवृत्त शिक्षिका : डिसेंबरात मुलाकडं चेन्नईला जाणार आहे. थोमाची कबर नक्की कुठं आहे? आणि डोंगरावर चढावं लागतं का, माझे गुडघे दुखतात.

बाई, कबर मैलापूरला, हाडं मात्र फिरलीत. ४थ्या शतकात सिरियाक कवी संत एफ्रेम आपल्या गीतांत म्हणतो की एका व्यापाऱ्यानं ती हिंदुस्थानातून एडेसाला आणली. ३ जुलैचा सण सिरियाक परंपरेत त्या आणण्याचाच आहे, रोमन पंचांगात तो पूर्वी २१ डिसेंबरला असायचा, १९६९ ला बदलला. एडेसाहून ती ग्रीसच्या खिऑस बेटावर आणि तिथनं १२५८ ला इटलीतल्या ओर्तोना गावी गेली, आजही तिथंच आहेत. त्यातलाच हाताच्या हाडाचा एक अंश १९५३ ला कार्डिनल तिस्सेरां यांनी कोडुंगल्लूरला आणून ठेवला.

तुम्ही सँथोमपासून सुरू करा. पांढरं शुभ्र उंच मनोऱ्याचं चर्च आहे, आत्ताची इमारत १८९६ ची, कबर खाली तळघरासारख्या जागेत, तिथं उतरायला स्वतंत्र वाट आहे. डोंगर म्हणजे सेंट थॉमस माउंट, विमानतळाच्या जवळ, जेमतेम ३०० फूट. जुन्या पायऱ्या आहेत पण तुम्ही त्यांच्या नादाला लागू नका, गाडीरस्ता थेट वरपर्यंत जातो, रिक्षावाल्याशी आधी ठरवून घ्या आणि थांबायला सांगा, वरनं परत यायला रिक्षा मिळत नाही. वरच्या छोट्या चर्चमध्ये वेदीच्या जागी दगडी क्रॉस आहे तो चुकवू नका, १५४७ ला पाया खणताना पोर्तुगीजांना मिळाला, त्याच्या भोवती कमानीसारखी पहलवी अक्षरं कोरलीत. इराणी लिपी, आणि कुणी म्हणतं प्रार्थना, कुणी म्हणतं दान देणाऱ्याचं नाव, विद्वानांची वाचनं एकमेकांशी जुळत नाहीत. चष्मा न्या, अक्षरं बारीक आहेत. आणि मैलापूरला गेलाच आहात तर कपालीश्वराचं देऊळ तिथनं जवळच आहे, दुपारी बंद असतं, संध्याकाळी जा.